वाफ, दांडा आणि घरातला एस्प्रेसो

रिसेप्शनला आइस्क्रीमच्या टेबलाशेजारी एक चकचकीत यंत्र असायचं. माणूस कपात इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध घालायचा, त्यात नळी बुडवून चावी फिरवायचा आणि हॉलभर फुर्रर्र व्हायचं. वरून चिमूटभर चॉकलेट पावडर. त्याला आपण 'एक्स्प्रेसो' म्हणायचो. खरा एस्प्रेसो म्हणजे कॉफीच्या पुडीतून दाबाने गरम पाणी ढकलून काढलेली कॉफी. इटलीतला कॉफीवाला आपलं नाव ऐकून कपाळाला हात लावेल, पण वाफेपुरतं बोलायचं तर आपण फारसे चुकलेलो नव्हतो. सुरुवातीची कित्येक वर्षं एस्प्रेसो वाफेच्याच जोरावर निघत होता. घरासाठी लीव्हर मशीन, म्हणजे दांडा ओढून एस्प्रेसो काढायचं यंत्र, घ्यायला निघालेल्याने ही वाफेची कथा आधी समजून घ्यावी, कारण दुकानातलं प्रत्येक मॉडेल या कथेच्या कुठल्या ना कुठल्या वळणावर थांबलेलं आहे.

तूरीनच्या आंजेलो मोरिओंदोने 1884 मध्ये वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेराने एकेक कप ताजा काढता येईल अशी रचना केली. ते हक्क देझिदेरिओ पावोनीने घेतले आणि 1905 पासून 'ला पावोनी'ची यंत्रं बाजारात आली. उभा पितळी बॉयलर, आत कोंडलेली वाफ, आणि तिच्या दाबाने कॉफीच्या पुडीतून ढकललं जाणारं पाणी. दाब जेमतेम दीड बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका).

अडचण कुकर वापरणाऱ्या कोणालाही चटकन कळेल. बंद भांड्यात दाब वाढवायचा तर पाणी आणखी तापवावं लागतं. कुकरमध्ये एक बार दाब वाढला की पाणी 120 अंशांवर जातं. डाळीला ते मानवतं, कॉफीला मात्र साधारण 92-93 अंश पुरतात, त्यापुढे ती करपट, कडवट लागते. म्हणजे दाब हवा तर कॉफी करपवा आणि करपायला नको तर दाब सोडा. ही गाठ सुटायला चाळीसेक वर्षं गेली.

ती सोडवली मिलानमध्ये कॅफे चालवणाऱ्या आकिल्ले गाज्जाने. 1938 च्या पेटंटात त्याने वाफेला बाजूला सारून स्क्रूने फिरवायचा दट्ट्या (पिस्टन) आणला. मग युद्ध आलं. 1947 च्या पेटंटात स्क्रूच्या जागी स्प्रिंग आणि लांब दांडा होता. पुढच्या वर्षी यंत्रं बाहेर पडली आणि त्यांच्यावर 'वाफेशिवाय चालते' असं ठळक मिरवलेलं असे. पाणी तापवायचं काम बॉयलरचं, दाब द्यायचा दट्ट्याने. दाब एकदम आठ-नऊ बारवर गेला आणि कपावर तपकिरी फेसाचा थर आला. तो फेस काय आहे हे गिऱ्हाइकांना कळेना, म्हणून त्याला 'क्रेमा', म्हणजे साय, हे नाव चिकटवलं. धंद्यातली अक्कल म्हणतात ती ही!

दांडा कशाला हवा? चार सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या धरा. त्यावर नऊ बार म्हणजे सुमारे 115 किलोंचा भार. एवढा जोर एका हाताने कोण लावणार? म्हणून गावच्या हापशासारखा लांब दांडा. गाज्जाच्या यंत्रात दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते आणि पाणी आत येतं. दांडा सोडला की स्प्रिंग सैलावत पाणी पुडीतून रेटते. दाब सुरुवातीला भरपूर असतो आणि शेवटाकडे उतरत जातो. नेपल्सच्या अनेक कॉफी बारमध्ये आजही दांडेच चालतात.

सुरुवातीची गाज्जाची यंत्रं फाएमा या इटालियन कंपनीच्या कारखान्यात बनत. पुढे त्याच फाएमाने 1961 मध्ये विजेच्या पंपाचं ई-61 आणलं आणि बहुतेक कॉफी बारमधल्या दांड्याचे दिवस भरले. नेमक्या त्याच वर्षी ला पावोनीची छोटी 'युरोपिक्कोला' घरांसाठी आली. गाज्जाची 'गिल्डा' 1952 मध्येच घरात शिरली होती, पण टिकून राहिली ती युरोपिक्कोला. 1967 मध्ये स्वित्झर्लंडची 'क्रेमिना' आली. या दोन्हींत स्प्रिंग नाही. दाब तुमच्या दंडातून येतो. पूड जाड असेल तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली जातो, फार बारीक असेल तर हलत नाही. दळण चुकलंय हे कपाच्या आधी हाताला कळतं. मला स्वतःला हेच आवडतं. रोज एकसारखा कप हवा असणाऱ्याने मात्र स्प्रिंगवाली, उदाहरणार्थ इलेक्ट्राची 'मिक्रोकाझा आ लेवा', बघावी.

एक कटकट मात्र गाज्जालाही पूर्ण चुकवता आली नाही. बहुतेक घरगुती यंत्रांचा बॉयलर बंदच असतो, आत पाणी 115 अंशांच्या आसपास. दट्ट्या आणि पूड जिथे बसते ते धातूचं डोकं त्याला थंड करतं, पण तीन-चार कपांनंतर डोकंच तापतं आणि करपट चव परत येते. पाहुणे बसलेले असताना मध्येच पाणी भरताही येत नाही. कुकरसारखंच, दाब उतरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. जुन्या 'कॅराव्हेल'चा बॉयलर उघडा होता, त्यामुळे ही भानगड नव्हती, पण दूध फेसाळायला वाफही नव्हती. अलीकडच्या 'फ्लेअर' आणि 'रोबोट'मध्ये तर बॉयलरच नाही: किटलीतलं पाणी ओता आणि दाबा. दिवसाला दोन काळे कप पिणाऱ्याने उगाच जास्त पैसे घालू नयेत. दूधवाली कॉफी लागत असेल तर वाफेसाठी बंद बॉयलर हवाच.

जुनं यंत्र घेणार असाल तर आधी व्होल्टेजची पट्टी वाचा. अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेलं 120 व्होल्टचं यंत्र इथे थेट लावलं तर हीटरवर जवळजवळ चौपट भार येतो आणि तो जळतो. मग रबरी वॉशर बघा, ते सुकून कडक होतात. ला पावोनीत 2000 सालच्या सुमारास गाळणीचा व्यास 49 वरून 51 मिलिमीटर झाला, तेव्हा सुटे भाग मागवण्याआधी यंत्र कोणत्या काळातलं आहे ते विचारा. स्प्रिंगवालं असेल तर पूड न भरता दांडा ओढून मध्येच सोडू नका. तो उसळी मारून वर येतो आणि वाकून बघणाऱ्याची हनुवटी नेमकी वाटेत असते.