उजव्या हातावरचं गोंदण: भरतीच्या एका नियमामागची पार्श्वभूमी

लेखी निघाली, धावणं निघालं, छाती-उंची बसली आणि मेडिकलला पोरगा बाद झाला. कारण काय, तर उजव्या हातावर ‘आई’. केंद्रीय निमलष्करी दलांच्या भरतीत हे प्रकार दर खेपेला होतात. तपासणीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात ‘टॅटू’ लिहिलेलं असतं. घरात त्याला कोणी टॅटू म्हणत नाही. दहा-बारा वर्षांचा असताना यात्रेत हात पुढे केला आणि मशिनवाल्याने गोंदवलं, म्हणून ते गोंदण. नियम मोडावा असं त्यात कोणाच्या मनातही नव्हतं.

गोंदण बायकांच्या अंगावर जास्त, आणि त्याची कारणंही त्यांनीच सांगितलेली. भटक्या समाजातल्या गोंदणाऱ्या बायका दारोदार फिरायच्या. बाभळीचा काटा किंवा एकत्र बांधलेल्या सुया, दिव्याचं काजळ, त्यात एखाद्या पाल्याचा रस नाहीतर लेकुरवाळीचं दूध, एवढंच सामान. कपाळावर कुंकवाच्या जागी, हनुवटीवर ठिपका, दंडावर तुळस, मनगटाजवळ विंचू. काजळ काळं, पण कातडीखाली गेलं की हिरवट निळं दिसतं, म्हणून ते ‘हिरवं गोंदण’. हातावर नवऱ्याचं नाव असे. चारचौघांत जे नाव उखाण्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, ते हातावर जन्मभर उघडं. म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, मेल्यावर अंगावरचं सोनं उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. ज्या घरात सोनं नव्हतंच त्या घरातल्या बाईने हे म्हटलं की त्याचं वजन वेगळंच लागतं. पुरुषांचं त्यामानाने थोडकं: पैलवानाच्या दंडावर मारुती, कोणाच्या हातावर ॐ, त्रिशूळ, कुलदैवत किंवा स्वतःचंच नाव.

सरकारने या खुणांत लक्ष घातलं ते शिक्षा म्हणून. कंपनी सरकारने 1797 मध्ये बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदायचा नियम केला. त्यासाठी शब्दही लोकांचाच उचलला, ‘गोदना’. बायका हौसेने अंगावर घेत होत्या तीच कला आणि तोच शब्द आता गुन्हेगार ओळखायला लागला. ही शिक्षा 1849 मध्ये बंद झाली, पण अंगावरच्या खुणेवरून माणूस ओळखायची सवय गेली नाही. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आल्यावर अख्ख्या जमातीच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. त्या नोंदींसाठी गोंदण म्हणजे आयती ओळखीची खूण. कायदा 1952 मध्ये रद्द झाला. नाव-गाव-खुणा लिहायचा रकाना आजही अनेक फॉर्मांवर आहे.

जबरदस्तीच्या गोंदणाचा इतिहासही याच धाग्यातला. फाळणीत पळवलेल्या बायकांच्या अंगावर दोन्ही बाजूंच्या पुरुषांनी घोषणा गोंदल्या. पुढे 1993 मध्ये पंजाबात पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर ‘जेबकतरी’, म्हणजे खिसेकापू, असं गोंदलं. त्या खटल्यात पोलीस दोषी ठरायला 2016 उजाडलं. मधली 23 वर्षं कपाळाचं काय करायचं हा प्रश्न त्या बायकांपुढे रोज होता. न्यायालयाने शस्त्रक्रिया करून द्यायला सांगितलं तरी अशी अक्षरं पाटीवरच्या खडूसारखी पुसली जात नाहीत.

याच्या अगदी उलट उदाहरण छत्तीसगडमधलं. देवळात घेत नाहीत म्हणून एका समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्वांगावर ‘राम’ गोंदवून घ्यायला सुरुवात केली, अगदी पापण्यांपर्यंत. देवळाचा दरवाजा बंद असेल तर अंगच देऊळ करायचं, इतका सरळ हिशोब. आणि अरुणाचलमधल्या एका जमातीने 1970 च्या दशकात तरुणांच्या पुढाकाराने चेहऱ्यावरचं गोंदण बंद केलं, कारण शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडलेल्या पोरांना लोक हसत होते. महाराष्ट्रातही साधारण हेच झालं, फक्त कोणी बंदीचा ठराव केला नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या आणि आयांनीच म्हटलं, नको, अडाणी दिसतं. एका पिढीत कपाळ, हनुवटी, दंड मोकळे झाले.

मग 2000 नंतर शहरांत टॅटू स्टुडिओ उभे राहिले आणि पुसलं गेलेलं परत आलं. बाळाच्या पावलाचा ठसा, गेलेल्या वडिलांची सही, ऑपरेशनच्या व्रणावर फुलांची वेल. कारणं जुन्या गोंदणापेक्षा फार वेगळी नाहीत: कोणाचं तरी नाव जवळ ठेवायचं, काहीतरी निभावून नेलं त्याची खूण ठेवायची. फरक बघणाऱ्यांच्या नजरेत आहे. इंग्रजी अक्षरांचा टॅटू हौस ठरतो आणि यात्रेतलं देवनागरी गोंदण मागासपणा. हे मला अजिबात पटत नाही, पण मेडिकलच्या खोलीत तर ही विभागणीही चालत नाही. तिथे दोन्ही एकच.

आता मूळ नियम. निमलष्करी दलांसाठी वैद्यकीय तपासणीची एकसारखी मार्गदर्शक तत्त्वं 20 मे 2015 ला निघाली. त्यांत टॅटूसाठी तीन निकष आहेत. पहिला आशयाचा. देश धर्मनिरपेक्ष आहे, लोकांच्या धार्मिक भावनांचा मान राखला पाहिजे, म्हणून सैन्यात चालतात तशी धार्मिक चिन्हं आणि नावं चालतील. ‘आई’ इथे सहज पास. दुसरा जागेचा. शरीरावरच्या परंपरागत जागी, म्हणजे हाताच्या पुढच्या भागाच्या (कोपर ते मनगट) आतल्या बाजूला, पण फक्त डाव्या हाताच्या, कारण तो सॅल्यूट करायचा हात नाही. किंवा पंजाच्या मागच्या बाजूला. तिसरा आकाराचा. शरीराच्या त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान.

वाचायला सोपं, लावायला अवघड. सगळा घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या निकषात आहे. ‘परंपरागत जागा’ हा शब्द नियमात आहे, पण परंपरा कोणाची ते नाही. यात्रेतला मशिनवाला पाटावर बसलेला असतो, बाजूला बॅटरी, समोर नमुन्यांचा फळा, आणि पोरगा जो हात पुढे करतो तो धरतो. पोरगा उजवा करतो. प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा, राखी उजव्या हातावर, मग देवाचं नाव डाव्या हातावर कसं घेणार? म्हणजे ज्या धार्मिक भावनेचा पहिल्या निकषात मान राखला, तीच भावना गोंदण उजव्या हातावर नेते आणि दुसऱ्या निकषात मार खाते. सॅल्यूटचा हात स्वच्छ असावा ही शिस्त समजण्यासारखी आहे. पण मूळ सैन्याच्या नियमात डावा-उजवा असा भेद नाही. तिथे दोन्ही हातांची, कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतची जागा आणि पंजाची मागची बाजू चालते. म्हणजे तोच मुलगा, तोच हात, तेच ‘आई’. सैन्याच्या भरती मेळाव्यात गोंदणाची अडचण नाही आणि निमलष्करी भरतीत बाद.

आकाराच्या निकषात ‘भाग’ म्हणजे काय, ते कंसात दिलं आहे: कोपर किंवा हात. कोपराचा चतुर्थांश कसा मोजायचा? कोपर हा सांधा आहे. त्याची लांबी कुठून धरायची, रुंदी कुठवर? आणि ‘हात’ म्हणजे नुसता पंजा की खांद्यापासून बोटापर्यंतचा सगळा? मराठीत हात दोन्हीला म्हणतात. नियम ज्या इंग्रजीत लिहिला तिथे तो शब्द पंजापुरता आहे. मग पुढच्या हाताचं काय, जिथे बहुतेकांचं गोंदण असतं? व्यवहारात तपासणारा डॉक्टर नजरेने ठरवतो. त्यांच्यावर दोष ठेवण्यात अर्थ नाही. रांगेत शेकडो मुलं उभी असताना पट्टी लावून क्षेत्रफळ काढायला वेळ कोणाकडे असतो? पण एका शब्दाच्या ढिलाईवर एखाद्याची दोन-तीन वर्षांची मेहनत टांगलेली असते.

दुसरा अडकलेला शब्द ‘जमात’. सैन्यात आदिवासी उमेदवारांना सवलत आहे: जमातीच्या रूढीप्रमाणे असेल तर गोंदण शरीरावर कुठेही चालतं. उत्तम तरतूद आहे. पण तिचा आधार सरकारने मानलेल्या जमातींची यादी. महाराष्ट्रात ‘भटक्या जमाती’ आणि ‘विमुक्त जमाती’ (1871 च्या कायद्यातून सुटलेल्या) म्हणून ज्यांची नोंद होते, त्यातले बहुतेक समाज अनुसूचित जमातींच्या केंद्रीय यादीत नाहीत. नावात जमात आहे, हक्कात नाही. ज्या समाजांतल्या बायकांनी गावोगावच्या लोकांना गोंदलं आणि ज्यांच्या पणजोबांची गोंदणं 1871 नंतर खुणा म्हणून लिहिली गेली असतील, त्यांच्याच मुलांपर्यंत ही सवलत पोचत नाही. या नियमातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच.

प्रकरणं न्यायालयांत जाऊ लागली. 2017 मध्ये राज्यातल्या उच्च न्यायालयापुढे एका उमेदवाराचं प्रकरण आलं. उजव्या हातावर धार्मिक चिन्ह होतं. त्याने ते काढूनही घेतलं होतं, सुमारे 90 टक्के. न्यायालयाने धार्मिक चिन्हाला सैन्यात असलेली मुभा लक्षात घेतली आणि निकाल त्याच्या बाजूने दिला. 2022 मध्ये दिल्लीतल्या उच्च न्यायालयापुढे उजव्या हाताच्या टॅटूचंच प्रकरण होतं. उमेदवार लेझरने काढायला तयार होता. त्याला दोन आठवड्यांनी नव्या वैद्यकीय मंडळापुढे जायची मोकळीक मिळाली. 2024 मध्ये तिथेच आलेल्या आणखी एका प्रकरणात खुद्द न्यायाधीशांनी हात बघितला आणि खूण नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते असं नोंदवलं. तिन्ही निकाल मुलांच्या बाजूचे, पण तिन्ही वेगवेगळ्या पायावर: एकात चिन्ह कशाचं, दुसऱ्यात काढायची तयारी, तिसऱ्यात ते दिसतं किती. उजव्या हाताला मुळात मनाई का, यावर कोणी बोट ठेवलं नाही. म्हणून नियम जागेवरच आहे आणि ज्याला वकील परवडतो त्याचाच हात न्यायालयापर्यंत पोचतो.

बाकीच्यांसाठी राहिला लेझर. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, खालच्या थरात असते, आणि तिथल्या पेशी तिचे कण धरून ठेवतात. एक पेशी मेली की सुटलेले कण दुसरी पेशी उचलते, म्हणूनच गोंदण जन्मभर टिकतं. लेझर त्या कणांचे तुकडे करतो आणि ते शरीराने हळूहळू वाहून न्यायचे असतात. एका बैठकीत काम होत नाही. दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगतात, आणि अशा बैठका बऱ्याच लागतात. यात्रेतली शाई किती खोल गेली, कशाची होती, हे कोणालाच सांगता येत नाही. घाई केली तर कातडी भाजते, व्रण राहतो आणि मग मेडिकलला तो व्रण दिसतो. कोणी चुना, कोणी ॲसिड लावतो. त्याने गोंदणाच्या जागी जी जखम उरते ती ‘आई’पेक्षा मोठी असते.

बाद झालेल्याला फेरतपासणी मागता येते. अलीकडच्या भरत्यांत ती बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी असते.