रोबोटिक की ओपन: पित्तनलिकेच्या कर्करोगात नेमके काय बदलते?

पोट उघडून केलेली, म्हणजे ओपन शस्त्रक्रिया कशी असते, हे यवतमाळ-वाशीमकडच्या घरांना समजावून सांगावे लागत नाही: उजव्या बरगडीखाली लांब चीर, टाके, पोटातून बाहेर काढलेल्या नळ्या आणि पुढे बरेच दिवस सोयाबीनचे पोते न उचलण्याची ताकीद. रोबोटिक शस्त्रक्रियेत यंत्र आपल्या मनाने काहीच करत नाही. सर्जन कन्सोलवर, म्हणजे नियंत्रण-यंत्रापाशी, बसून हात हलवतो, तशी पोटातील बारीक अवजारे मनगटासारखी वळतात आणि त्याला आतले चित्र मोठे, खोलीसह दिसते.

खरा घोळ निराळाच आहे. पित्ताशयातील खड्यांचे दुर्बिणीचे ऑपरेशन आता इतके रुळले आहे की ‘तीन-चार छिद्रे आणि दोन दिवसांत घरी’ हाच हिशेब लोक पित्तनलिकेच्या, म्हणजे यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळीच्या, कर्करोगालाही लावतात. छिद्र लहान म्हणून ऑपरेशन लहान, हे समीकरण येथे साफ चुकते. छिद्रांमुळे फक्त आत शिरण्याची वाट बदलते. आत काय काढायचे, हे गाठीच्या जागेवरून ठरते. यकृताच्या उजव्या-डाव्या नलिका जिथे एकत्र येतात तिथे गाठ असेल, तर नलिकेसोबत बहुधा यकृताचा मोठा भाग आणि भोवतालच्या लसीका ग्रंथी काढून, उरलेल्या नलिका लहान आतड्याला जोडाव्या लागतात. गाठ खालच्या टोकाला असेल, तर स्वादुपिंडाचे डोके आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही जातो; यालाच व्हिपल म्हणतात. पद्धत कोणतीही असो, ही यादी तीच राहते आणि पित्त गळणे, जंतुसंसर्ग, उरलेले यकृत अपुरे पडणे हे धोकेही टळत नाहीत. शिवाय यकृताचा काढलेला भाग अखंड बाहेर आणायचा असल्याने रोबोटिकमध्येही बहुधा ओटीपोटावर एक चीर द्यावीच लागते. ‘चिरफाडीविना कर्करोगमुक्ती’ अशा जाहिरातींची मला चीड येते ती यामुळेच.

जखमेचे दुखणे कमी होणे आणि रुग्ण लवकर हिंडता-फिरता होणे, हे रोबोटिकचे लाभ खरे आहेत आणि शेतात राबणाऱ्या माणसासाठी ते क्षुल्लक नाहीत. पण पुढचे आयुष्य बव्हंशी अवलंबून असते ते कापलेली कड कर्करोगमुक्त निघाली की नाही यावर. हा रोग नलिकेच्या भिंतीतून डोळ्यांना न दिसता पसरतो; म्हणून अनेकदा शस्त्रक्रिया चालू असतानाच कापलेल्या टोकाची चकती गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कर्करोगाच्या पेशी आढळल्या तर शक्य असेल तिथे आणखी वर कापतात. गाठ यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली असेल, तर त्या वाहिनीचा तुकडा काढून ती पुन्हा सांधावी लागते. अशा वेळी मी निःसंकोच ओपनच निवडेन. यकृताच्या आतल्या बारीक नलिकांत, कडेला असलेल्या लहान गाठीसाठी मात्र, सर्जनचा हात त्या यंत्रावर बसलेला असेल, तर रोबोटिकला माझी हरकत नाही. म्हणून शेत गहाण टाकण्यापूर्वी यंत्राच्या किमतीची चौकशी करण्याऐवजी हेच ऑपरेशन त्या सर्जनने किती वेळा केले आहे, ते विचारावे.

रोबोटिकने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण केले, की नातेवाईक ‘मशीन फेल झाली’ म्हणतात. रक्तस्राव आवरत नसताना किंवा कड साफ निघत नसताना घेतलेला तो बहुतेक वेळा शहाणा निर्णय असतो आणि त्याची शक्यता संमतिपत्रावर सही करतानाच घरच्यांना समजावून सांगितलेली असावी.