पार्श्वभूमी : हिवाळी वेत, उसाचं वाडं आणि जुळ्यांचा वाद

कोल्हापूरकडे धनगर ‘बकरी’ म्हणतो ती मेंढी, आणि शेळी म्हणजे शेरडू. मृगाच्या सुमारास गाभण राहिलेली दख्खनी मेंढी सुमारे १५० दिवसांनी, थंडी सुरू होताना विते. जुनी घडी अशी की पावसाळा पूर्वेकडच्या कमी पावसाच्या माळावर काढायचा, सुगीनंतर काळ्या रानात उतरायचं, रात्री वाघरी (जाळीचं कुंपण) लावून शेतात बकरी बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं.

पाटपाणी आणि साखर कारखाने आले तशी ही घडी बदलली. वेत आणि गळीत हंगाम एकाच वेळी येऊ लागले, आणि गाभण मेंढीच्या तोंडी उसाचं वाडं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, आलं. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाड्यावर राहिलेली मेंढी वेताच्या तोंडावर थरथरते, बसली की उठत नाही. म्हणून चुन्याची निवळी आणि जोडीला भुईमुगाचे वेल हवेत. पाणी पाजलेल्या ओल्या रानात वाडा (कळपाचा मुक्काम) टाकला तर कोकरू गारठतं. जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेला नाही, तर असं कोकरू सकाळ पाहत नाही.

वाद पेटला तो जुळ्यांवरून. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. १९९० च्या दशकात फलटणच्या संशोधकांनी सुंदरबनची गरोळ मेंढी आणून तिचं जुळी देणारं जनुक दख्खनीत उतरवायला घेतलं. गरोळ अंगाने फार लहान, म्हणून संकर पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवावा लागला. एक वेत, दोन कोकरं हा हिशेब ज्याची मेंढी गोठ्यात बांधून आहे, खुराक आहे, त्याला पटतो. पण पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळात रोज पाव किलोभर भरडा मिळाला नाही, तर जुळी पोटात असलेली मेंढी स्वतःची चरबी जाळते, खाणं सोडते आणि आडवी पडते. जुळी जन्मली तरी वजनाला हलकी, आणि दूध एकापुरतंच. फिरत्या वाड्यात दर मुक्कामाला दोन कोकरं उचलून न्यायची, दुबळ्याला दुसऱ्या मेंढीच्या सडाला लावायचं, आणि तिने वास घेऊन झिडकारलं की बाटलीने पाजायचं. धनगराने जुळी देणारी मेंढी नाकारली ती अडाणीपणाने, हे सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. त्याने आपल्या चाऱ्याचा आणि चालीचा हिशेब केला होता.

आता मोकळी कुरणं आणखी आटली आहेत. बंदिस्त मेंढीपालन वाढतं आहे आणि जुळ्यांचा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे.