प्रसूती पुढे ढकलता येत नाही

२५ मार्च २०२० रोजी कोविडमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली आणि रुग्णालयांनी मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा शस्त्रक्रिया लांबणीवर टाकल्या. स्त्रीरोगतज्ज्ञांना मात्र अर्धंच काम लांबणीवर टाकता आलं. गर्भाशयातल्या गाठींची ऑपरेशनं थांबली, वंध्यत्वाचे उपचार थांबले. कळा थांबल्या नाहीत.

मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. पुढच्या साधारण वर्षभरात तिथे कोविडबाधित अशा एक हजाराहून अधिक मातांची बाळंतपणं झाली. हे काम कसलं होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. प्रसूतिशास्त्र हे अजूनही बरंचसं हातांचं शास्त्र आहे. बाळाचं डोकं कुठे आहे, कळ किती जोराची आहे हे पोटावर हात ठेवून कळतं. गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय ते दोन बोटांनी जोखलं जातं. आता त्या बोटांवर एकावर एक हातमोजे आले, गॉगलवर वाफ धरू लागली, अंगात पीपीई किट आणि तशात एसी बंद. स्टेथोस्कोप कानाला लावणं जमेना, म्हणून बाळाचे ठोके डॉप्लर यंत्राच्या स्पीकरवर ऐकायचे. जोर लावताना बाई धापा टाकते, ओरडते. डॉक्टर आणि सिस्टर तिच्यापासून हातभर अंतरावर उभ्या असतात, पहिलटकरीण असेल तर कधी तासभरही. ‘सहा फूट अंतर ठेवा’ हा नियम लेबर रूममध्ये पाळता येणं शक्यच नव्हतं.

त्यात कोण बाधित आहे, हे चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हतं. न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णालयांनी २२ मार्च ते ४ एप्रिल २०२० या काळात प्रसूतीसाठी आलेल्या जवळजवळ सगळ्या बायकांची चाचणी केली. ३३ जणी बाधित निघाल्या आणि त्यांपैकी २९ जणींना दाखल होताना कसलंच लक्षण नव्हतं. आपल्याकडेही आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्याच एप्रिलमध्ये सांगितलं, की प्रतिबंधित क्षेत्रातल्या ज्या गरोदर स्त्रीची प्रसूती पाच दिवसांत अपेक्षित आहे, तिची लक्षणं नसली तरी चाचणी करा. सूचना योग्यच होती. अडचण अशी, की आरटीपीसीआर या कोविड चाचणीचा अहवाल यायला वेळ लागे आणि कळा तोवर थांबत नसत. मग अहवाल नाही म्हणून दाखल करून घ्यायला नकार, असे प्रकार देशभर घडले. जून २०२० मध्ये नोएडा परिसरात आठ महिन्यांची एक गरोदर स्त्री तब्बल १३ तास एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरली आणि शेवटी रुग्णवाहिकेतच दगावली. तिला कुणी आत घेतलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाने स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं.

गर्भारपणात हा आजार अधिक धोक्याचा का? वाढतं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं, श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा सुमारे एक पंचमांशाने कमी होते आणि शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. साठा कमी, खर्च जास्त. म्हणून अशी रुग्ण ढासळू लागली की फार वेगाने ढासळते. निदानातही गोंधळ होई. गंभीर कोविडमध्ये प्लेटलेट उतरतात, यकृताचे आकडे बिघडतात; गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर विकारातही नेमकं हेच होतं. पहिल्यात बाळंतपण थोडं लांबवता आलं तर बरं, दुसऱ्यात प्रसूती हाच उपाय. कागदावरचे आकडे सारखे आणि निर्णय उलटे.

तरीही या साथीने केलेलं मोठं नुकसान विषाणूच्या वाटेने आलंच नाही, असं माझं मत आहे. ते आलं उशिराच्या वाटेने. जोधपूरच्या एम्समध्ये २०२० मध्ये साथीच्या सुरुवातीच्या महिन्यांत प्रसूती सुमारे ४५ टक्क्यांनी घटल्या, पण अतिदक्षता विभागात जाणाऱ्या मातांचं प्रमाण मात्र वाढलं. २०२१ मध्ये १७ देशांतले ४० अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भासाठी थेट शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाणही बरंच वाढलं होतं. हा गर्भ लवकर लक्षात आला तर अनेकदा औषधावर भागतं. नलिका फुटून पोटात रक्तस्राव सुरू झाल्यावर बाई आली तर पोट उघडण्यावाचून इलाज नसतो. घरात बसून ‘पाहू उद्या’ म्हणत सहन केलेलं दुखणं असं थेट ऑपरेशन टेबलापर्यंत पोचलं.

फोनवरची तपासणी हा त्यावरचा एक उतारा होता. आपल्याकडे टेलिमेडिसिनची नियमावली टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आली. मेलबर्नच्या मोनॅश हेल्थमध्ये गरोदरपणातल्या जवळपास निम्म्या भेटी फोन-व्हिडिओवर नेल्या आणि आई-बाळाची प्रकृती त्यामुळे बिघडली नाही. पण तिथे बायकांना घरी रक्तदाब मोजता येत होता. आपल्याकडे घरात एकच मोबाइल, तोही नवऱ्याच्या खिशात, आणि शेजारी सासू बसलेली. अंगावरून पांढरं जातंय, नवरा मारतो, हे मूल नकोय, यातलं एकही वाक्य ती बाई त्या फोनवर बोलणार नाही. ओपीडीतल्या पडद्याआडची ती पाच मिनिटं किती मोलाची असतात!

रेसिडेंट डॉक्टरांचं शिक्षणही यात अडकलं. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया शिकण्याच्या वर्षांत अनेकांनी कोविड वॉर्डात ड्यूट्या केल्या. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची नीट-पीजी २०२१ ही परीक्षा सप्टेंबरपर्यंत आणि प्रवेश जानेवारी २०२२ पर्यंत लांबले. म्हणजे कितीतरी महिने नवी तुकडी आलीच नाही आणि तिच्या वाटणीच्या रात्रपाळ्या आधीच थकलेल्यांनी केल्या.

सर्वांत कठीण गेली ती दुसरी लाट. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने राज्यातल्या रुग्णालयांबरोबर ‘प्रेगकोविड’ नावाची नोंदवही सुरू केली होती. आयसीएमआरने जून २०२१ मध्ये दोन्ही लाटांची तुलना जाहीर केली. गरोदर आणि बाळंतीण रुग्णांमधला मृत्युदर पहिल्या लाटेत ०.७ टक्के होता, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. लशी तोवर पाच महिने उपलब्ध होत्या, पण या बायकांना नव्हत्या. लशींच्या मुख्य चाचण्यांमधून गरोदर स्त्रिया वगळल्या होत्या, म्हणून त्यांच्याविषयी माहिती नाही. आणि माहिती नाही म्हणून परवानगी नाही. ती मिळाली २ जुलै २०२१ रोजी, लाट ओसरल्यावर. ‘डॉक्टर, लशीने मूल पडेल का?’ असं विचारणाऱ्या बाईला दाखवायला तोवर डॉक्टरांकडे मुख्यतः अमेरिकेतल्या सुमारे ३५ हजार गरोदर स्त्रियांची माहिती होती. ती दिलासा देणारी होती, पण फायझर आणि मॉडर्नाच्या लशींबद्दलची. आपल्याकडच्या केंद्रावर मिळत होत्या कोविशील्ड आणि कोवॅक्सिन.