बदकाच्या पोटातलं शिसं आणि जुनी दुनळी बंदूक

हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीकाठी दुर्बीण लावली, की रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, गर्दीच्या कडेला चिखल गाळणारे थापटे आणि टोकदार शेपटीची तलवार बदकं दिसतात. ही पाहुणी मंडळी मध्य आशियातून, सायबेरियातून येतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय दिलंय. ठाणे खाडी 2015 मध्ये अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण वाटेतल्या कित्येक देशांत बदकांची शिकार कायदेशीर आहे. तिथला शिकारी काडतुसात कोणता धातू भरतो, याच्याशी म्हणूनच आपलाही संबंध येतो.

बारा बोअर मापाच्या बंदुकीच्या एका काडतुसात साधारण दोनशेच्या वर छरे मावतात. बदकाला लागतात ते मोजकेच, बाकीचे तळ्यात पडतात आणि वर्षानुवर्षं गाळात राहतात. बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळतं आणि पेषणीत, म्हणजे पोटातल्या त्या जाड स्नायूच्या पिशवीत, त्यांच्या मदतीने दाणे भरडतं. शिशाचा छरा त्याला खड्यासारखाच वाटतो. पेषणीत तो झिजतो, जठरातल्या आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. तिथे ते कॅल्शियमचं सोंग घेऊन नसांत आणि हाडांत शिरतं, हिमोग्लोबिन तयार करणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतं. अन्न पुढे ढकलणारे स्नायू लुळे पडतात. पंख छपरासारखे लोंबतात, विष्ठा हिरवी होते आणि घशापर्यंत दाणे भरलेले असताना पक्षी उपासमारीने मरतो. एक-दोन छरेही पुरतात. तलवार बदक तळाच्या चिखलातून दाणे वेचतं, त्यामुळे त्याला हा धोका जास्तच.

फ्रँक बेलरोज या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1959 मध्ये अंदाज मांडला होता, की उत्तर अमेरिकेतले दोन ते तीन टक्के पाणपक्षी दरवर्षी असे मरतात. ही बदकं खाणारे गरुडही विषबाधेने मरू लागले. अखेर 1991 पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला देशभर बंदी आली. इंग्लंडने 1999 मध्ये बंदी घातली आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागांत. इंग्लंडमध्ये मात्र बंदीनंतरही विकायला आलेल्या बहुतेक बदकांत शिशाचेच छरे सापडत राहिले. याला हट्टीपणा कारणीभूत आहेच, पण आजोबांच्या काळातली बंदूक हेही एक खरं कारण आहे.

शिशाला स्वस्त पर्याय पोलादाचा. पोलादी म्हणून विकले जाणारे छरे असतात मऊ केलेल्या लोखंडाचे, तरी शिशापेक्षा कितीतरी कठीण. जुन्या दुनळीची नळी भिंतीला पातळ आणि तुलनेने मऊ. तोंडाशी ती किंचित अरुंद केलेली असते, त्याला चोक म्हणतात. ‘फुल चोक’मध्ये हा फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. शिशाचे छरे तिथे दबून, चपटे होऊन निसटतात. लोखंड दबत नाही, मग नळीच फुगते. शिवाय लोखंडाची घनता 7.9 आणि शिशाची 11.3, म्हणजे त्याच आकाराचा छरा सुमारे 30 टक्के हलका. ही कसर भरायला छरा मोठा घ्यावा लागतो आणि वेगही वाढवावा लागतो, त्यासाठी दाब जास्त. दमास्कसच्या, म्हणजे धातूच्या पट्ट्या वेटोळून जोडलेल्या जुन्या नळ्यांत, किंवा फक्त जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूचा दाब सोसते एवढंच तपासलेल्या बंदुकीत असं काडतूस घालणं म्हणजे स्वतःचा हात गमावण्याची तयारी.

यावर उत्तर आहे बिस्मथ. आवर्तसारणीत शिसं 82 क्रमांकावर आणि बिस्मथ त्याच्या शेजारी, 83 वर. वजनाने जवळचे, पण शरीरातली वागणूक अगदी वेगळी. बिस्मथची संयुगं सहसा विरघळत नाहीत, म्हणून ती पोटाच्या औषधांतही वापरतात. घनता 9.8, त्यामुळे मारा पोलादाहून बरा. नुसतं बिस्मथ ठिसूळ असतं, म्हणून त्यात थोडं कथील मिसळतात. हे छरे नळीला सोसवतील इतके मऊ असतात. टंगस्टनची पूड प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेले छरेही चालतात, तेही मऊच. नुसतं टंगस्टन मात्र जुन्या नळीला पोलादाहूनही घातक. जस्त पक्ष्यांनाच विषारी, ते बादच. बिस्मथ महाग पडतं हे खरं, पण वाडवडिलांची बंदूक ज्याने हौसेने जपली आहे, त्याने ही किंमत मोजावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

धातू बरोबर निवडला तरी काडतुसाची लांबी बघावीच लागते. जुन्या इंग्लिश बंदुकींचा चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, बहुधा 65 मिलिमीटरचा. 70 चं काडतूसही त्यात बिनबोभाट बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाल्यावर ते उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब एकदम चढतो. म्हणून नळी किती दाब सोसते हे तपासून तिच्यावर उमटवलेले चाचणीचे ठसे जाणत्या बंदूककाराकडून वाचून घ्यायचे आणि मगच खरेदी करायची.

खाडीकाठी पंख लोंबलेलं, उडू न शकणारं बदक दिसलं, तर वन विभागाला कळवा आणि पशुवैद्यांकडे एक्स-रेचा आग्रह धरा. मांसात रुतलेला छरा बहुधा तसाच पडून राहतो, फारसं विष पसरवत नाही. पेषणीतला छरा मात्र लगेच धुऊन काढावा लागतो आणि रक्तातलं शिसं बांधून बाहेर काढणारं औषध द्यावं लागतं.