पुनर्रचना (अमेरिका, १८६५–१८७७)

अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या सुमारे बारा वर्षांच्या कालखंडाला ‘पुनर्रचना’ किंवा ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणतात. फुटून निघालेली दक्षिणेकडील अकरा राज्ये संघराज्यात परत कशी घ्यायची, हा या काळापुढचा एक प्रश्न होता. दुसरा त्याहून अवघड होता. कालपर्यंत ज्यांची खरेदी-विक्री होत होती, त्या सुमारे चाळीस लाख माणसांना नागरिक म्हणून जगता यावे यासाठी काय करायचे? पहिला प्रश्न पाच-सहा वर्षांत मिटला. दुसरा अर्ध्यावर सोडून देण्यात आला.

युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे आजही सांगितले जाते. मात्र साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपी या राज्यांनी फुटताना काढलेले जाहीरनामे वाचले की शंका उरत नाही. कारण म्हणून त्यांत गुलामगिरीच पुढे केलेली आहे. अध्यक्ष लिंकन यांची १ जानेवारी १८६३ची मुक्तिघोषणा फक्त बंडखोर प्रदेशापुरती होती. देशभर गुलामगिरी बेकायदा ठरली ती डिसेंबर १८६५मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी घेण्याची मुभा तिनेही ठेवली. पुढे दक्षिणेतील राज्यांनी कृष्णवर्णीय कैदी मळेवाल्यांना आणि खाणमालकांना भाड्याने दिले, ते याच फटीतून.

या काळाची सगळी कहाणी जमिनीपाशी येऊन थांबते. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातील सव्हाना शहरात उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय चर्चप्रमुखांना बोलावून, तुम्हाला काय हवे, असे विचारले. गॅरिसन फ्रेझियर हे ६७ वर्षांचे धर्मोपदेशक सर्वांच्या वतीने बोलले. आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि पत्नीला सोडवून घेतले होते. आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टाने कसू, हे त्यांच्या उत्तराचे सार होते. चारच दिवसांत शर्मन यांचा हुकूम निघाला आणि किनारपट्टीवरील जमिनीतून दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत तुकडा देण्याचे ठरले. सुमारे ४० हजार माणसे तिथे वसली, पेरण्या झाल्या.

लिंकन यांची एप्रिलमध्ये हत्या झाली. त्यांच्या जागी आलेल्या अँड्रू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना सढळ हाताने माफी दिली आणि जमिनीही परत केल्या. मुक्त झालेल्या लोकांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे, म्हणजे फ्रीडमेन्स ब्युरोचे, प्रमुख जनरल हॉवर्ड यांना ही बातमी द्यायला ऑक्टोबरमध्ये याच किनाऱ्याजवळच्या एडिस्टो बेटावर जावे लागले. जुन्या मालकांना क्षमा करा, असे ते म्हणाले. बेटावरच्या लोकांनी त्यांना लेखी उत्तर दिले : युद्धात तुमचा उजवा हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल, पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला चाबकाने फोडले, त्याला मी कशी क्षमा करू? या काळावर लिहिलेल्या कुठल्याही ग्रंथापेक्षा हे पत्र अधिक सांगून जाते.

जमीन गेल्यावर उरली ती बटाई. जमीन मालकाची, राबणे कुळाचे, पिकात वाटा, आणि पीक हाती येईपर्यंत दुकानातून उधारी. हंगामाच्या शेवटी हिशेब दुकानदाराच्या वहीत, आणि बाकी बहुधा कुळाच्याच अंगावर. कापसाचे भाव पडत गेले तसा हा फास आवळत गेला. या भावांशी आपलाही संबंध होता. युद्धामुळे अमेरिकन कापूस बंद पडला तेव्हा इथल्या कापसाला मागणी येऊन मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५मध्ये तो ओसरला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी १८७५मध्ये सावकारांच्या घरातले कर्जरोखे जाळायला निघाले, त्यामागच्या कारणांत ही मंदीही होती.

राजकारणात मात्र काही वर्षे अपूर्व घडले. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १८६७मध्ये दक्षिणेत लष्करी अंमल बसवून कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिला. चौदाव्या घटनादुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व दिले. पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वर्णावरून मत नाकारण्यास मनाई केली. स्त्रिया बाहेरच राहिल्या. हायरम रेव्हेल्स १८७०मध्ये काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये, पहिले कृष्णवर्णीय सदस्य म्हणून बसले. अनेक दक्षिणी राज्यांत पूर्वी गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. आता आजी आणि नातवंडे एकाच शाळेत मुळाक्षरे गिरवू लागली.

याला उत्तर म्हणून कू क्लक्स क्लॅनसारख्या गोऱ्यांच्या गुप्त टोळ्यांचा दहशतवाद आला. लुइझियानातील कोलफॅक्स येथे १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या दिवशी, कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. अनेकांना शरण आल्यावर मारले. खटल्यात दोषी ठरलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने १८७६मध्ये सोडून दिले. त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. ती कृतज्ञता खरी होती, ते लोकही खरे होते. पण उत्तरेतला त्यांचा आवाज तोवर क्षीण होत चालला होता.

१८७६च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर रदरफर्ड हेज, अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या अवघ्या एका मताने, अध्यक्ष झाले आणि उरलेल्या सैन्याचे दक्षिणेतील सरकारांमागचे पाठबळ १८७७मध्ये काढून घेण्यात आले. पुढे कित्येक दशके इतिहासकार कृष्णवर्णीयांच्या नालायकीमुळे हा प्रयोग फसला असे लिहीत राहिले. कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५मध्ये ते मत पुराव्यानिशी खोडले. प्रयोग फसला नव्हता, तो हाणून पाडला गेला होता.

रॉबर्ट स्मॉल्स यांचे उदाहरण घ्या. गुलाम असताना, १८६२मध्ये, त्यांनी चार्ल्स्टन बंदरातून बंडखोरांचे जहाज पळवून कुटुंबासह स्वातंत्र्य गाठले. नंतर ब्यूफर्टमधले आपल्या जुन्या मालकाचे घर विकत घेतले आणि काँग्रेसवर निवडून गेले. कृष्णवर्णीयांचे मत हिरावण्यासाठी साउथ कॅरोलिनाने १८९५मध्ये घटनापरिषद भरवली, तेव्हा तिच्यातल्या मूठभर कृष्णवर्णीय सभासदांत ते होते. नव्या घटनेवर सही करायला त्यांनी नकार दिला.