आकस्मिक उदरशूल : शस्त्रक्रियेची गरज भासणारी विरळ कारणे

पोटात अचानक उठणाऱ्या आणि काही तासांतच उपचाराचा निर्णय घ्यायला लावणाऱ्या तीव्र वेदनेला आकस्मिक उदरशूल म्हणतात. रुग्णालयांत ‘अक्यूट अ‍ॅब्डोमेन’ हाच शब्द रूढ आहे. शस्त्रक्रियेपर्यंत जाणाऱ्या बहुतेक रुग्णांत कारण परिचयाचे निघते : अपेंडिक्सची किंवा पित्ताशयाची सूज, अल्सरला पडलेले छिद्र, आतड्यातील अडथळा, स्त्रियांमध्ये गर्भनलिकेतील गर्भ फुटणे किंवा बीजकोशाला पीळ पडणे. या नोंदीत त्यांपलीकडच्या, शल्यचिकित्सकालाही क्वचितच भेटणाऱ्या कारणांचा विचार केला आहे. त्यांपैकी अनेकांच्या मुळाशी पीळ, फास किंवा गुठळी यांमुळे अचानक तुटलेला रक्तपुरवठा असतो. त्यामुळे उपचाराला मिळणारा अवधी अगदी थोडा असतो, आणि निदानाला उशीरही नेमका येथेच होतो.

यांतील सर्वांत घातक प्रकार म्हणजे आतड्याच्या मुख्य धमनीत गुठळी अडकणे. ही धमनी महाधमनीतून तिरकी खाली उतरते व जवळजवळ सगळ्या लहान आतड्याला आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाला रक्त पुरवते. तिची दिशाच अशी, की हृदयातून सुटलेली गुठळी तिच्यात सहज शिरते. उतारवयात ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या अनियमित ठोक्यांच्या विकारात अशा गुठळ्या तयार होतात; भारतात संधिवातज्वरामुळे अरुंद झालेल्या हृदयाच्या झडपेमुळे त्या तरुणांतही आढळतात. आरंभीचे चित्र फसवे असते. रुग्ण वेदनेने तळमळतो, पण पोट हाताला मऊ लागते. उलटी आणि जुलाबही होत असल्याने हा प्रकार बाहेरच्या खाण्याच्या किंवा ‘गॅस’च्या खात्यात टाकला जातो. वेदना आणि तपासणी यांच्यातील ही विसंगती हेच या आजाराचे सर्वांत मोलाचे लक्षण आहे. पोट कडक होईपर्यंत थांबणे म्हणजे आतडे सडण्याची वाट पाहणे, कारण रक्तपुरवठा पूर्ण तुटल्यास सुमारे 6 तासांत आतड्याची हानी भरून न येणारी होते. ऊतींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणाऱ्या लॅक्टेट या द्रव्याची पातळी सुरुवातीला सामान्य असू शकते, म्हणून केवळ त्या अहवालावर निश्चिंत राहता येत नाही; रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करणे हीच निर्णायक तपासणी होय. गुठळी काढून प्रवाह सुरू करणे, मेलेला भाग कापणे आणि शंका असल्यास 24 ते 48 तासांनी पोट पुन्हा उघडून उरलेले आतडे जिवंत आहे की नाही ते पाहणे, असा उपचाराचा क्रम असतो. निदान उशिरा झाल्यास निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात.

अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत अपेंडिक्स निरोगी निघाले, तर शल्यचिकित्सक लहान आतड्याचा शेवटचा भाग तपासतो, तो प्रामुख्याने मेकेल डायव्हर्टिक्युलमच्या, म्हणजे आतड्याला जन्मतः असलेल्या एका पिशवीच्या, शोधात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश मेकेल यांनी 1809 मध्ये या पिशवीची उत्पत्ती उलगडली. गर्भावस्थेच्या सुरुवातीला आतडे आणि पीतककोश (गर्भाशी जोडलेली सुरुवातीची पोषक पिशवी) यांना जोडणारी नळी पुढे नाहीशी होते. सुमारे 2 टक्के लोकांत तिचा आतड्याकडचा भाग पिशवीच्या रूपाने उरतो. मोठे आतडे सुरू होते त्या झडपेपासून ती साधारण 60 सेंमी. अलीकडे असते. बहुतेकांना ती आयुष्यभर त्रास देत नाही. मात्र तिच्या अस्तरात कधी जठराच्या पेशी असतात. त्यांच्या आम्लाने शेजारच्या आतड्याला व्रण पडून लहान मुलांत वेदनेविना भरपूर रक्तस्राव होतो. मोठ्यांत पिशवी सुजते, फुटते, किंवा तिच्यापासून बेंबीपर्यंत गेलेल्या तंतूभोवती आतड्याला पीळ पडतो. दुसऱ्याच शस्त्रक्रियेत योगायोगाने सापडलेली निरोगी पिशवी काढावी की नाही, यावर आजही एकमत नाही. लहान वय, पिशवीची जास्त लांबी व हाताला लागणारे वेगळे अस्तर असल्यास ती काढण्याकडे कल असतो.

बाहेरून फुगवटा न दिसणारे हर्निया हाही चकवणारा गट आहे. कटीच्या हाडातील छिद्रातून आतडे शिरते, तो ऑब्च्युरेटर हर्निया बहुधा कृश, वृद्ध व अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत आढळतो. तेथील चेता दाबली गेल्याने मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते, आणि पोटाच्या रोगाची रुग्ण हाडांच्या डॉक्टरांकडे पोहोचते. वजन घटवण्यासाठी केलेल्या बायपास शस्त्रक्रियेनंतर आतड्याच्या पडद्यांत उरलेल्या फटींतून आतडे निसटणे, हा प्रकार या शस्त्रक्रियांबरोबरच वाढला आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही तो उद्भवतो, त्यामुळे तिचा उल्लेख रुग्णाने आपणहून करणे फार उपयोगी पडते.

क्वचित पित्ताशय यकृताला घट्ट चिकटलेले नसून देठावरच्या फळासारखे लोंबत असते आणि त्याला पीळ पडतो. येथे खडे असतीलच असे नाही, आणि केवळ प्रतिजैविकांनी भागत नाही. आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पडद्याला, म्हणजे वपेला, पीळ पडल्यास दुखणे बहुधा उजवीकडे होते व हुबेहूब अपेंडिक्ससारखे भासते. सीटी स्कॅनवर निदान पक्के असेल, तर अशा काही रुग्णांची शस्त्रक्रिया टळू शकते.

कोकण, गोवा आणि एकूणच मासे खाणाऱ्या प्रदेशांत गिळलेल्या काट्याची शक्यता ध्यानात ठेवावी लागते. पोटात गेलेले बहुतेक काटे काही त्रास न देता बाहेर पडतात. एखादा लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात रुततो आणि आतडे भोसकतो. साध्या एक्स-रेवर तो सहसा दिसत नाही, सीटी स्कॅनवर बारीक रेघेसारखा दिसतो. काटा गिळल्याचे रुग्णाला बहुतेक वेळा आठवतच नाही.

प्लीहेच्या धमनीचा फुगा फुटणे हा प्रसूतितज्ज्ञांच्याही वाट्याला येणारा प्रकार आहे. असे फुगे स्त्रियांत अधिक आढळतात आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत फुटण्याचा धोका वाढतो. काहींमध्ये रक्तस्राव दोन टप्प्यांत होतो : आधी जठरामागच्या पोकळीत रक्त साठून दाबाने तात्पुरते थांबते, मग ते मुख्य पोकळीत उसळते. मधल्या अवधीत निदान झाले, तर आई व बाळ दोघेही वाचू शकतात. गर्भवतीचा रक्तदाब असा कोसळल्यावर वार सुटणे किंवा गर्भाशय फाटणे यांचा विचार आधी होतो, आणि ते योग्यच आहे. पण सिझेरियन करताना गर्भाशय शाबूत असूनही पोटात रक्त आढळले, तर डाव्या बरगड्यांखाली प्लीहेपर्यंत तपासणे आवश्यक असते.